पान चौदा, डावीकडे

सकाळचे अकरा वाजून गेले, मोनाली डोंगरावरून उतरली नाही, आणि रजनी मॅडमच्या पोटात गोळा आला. हा गोळा पोरीच्या काळजीचा होता असं कोणी समजू नका. तो पुस्तकाच्या काळजीचा होता. पोरीची काळजी नंतर लागली, आणि लागली तेव्हा अशी लागली की पुस्तक गेलं चुलीत.

पुस्तक म्हणजे ‘भुऱ्या महादेवाच्या वाटा’. अठ्ठेचाळीस पानं, पिवळं कव्हर, पांढुर्ण्याच्या एका प्रेसमध्ये छापलेलं. सौंसरच्या शाळेत एकोणतीस वर्षं भूगोल शिकवून मॅडम रिटायर झाल्या आणि घरी बसून करायचं काय, म्हणून त्यांनी डोंगरातल्या वाटा लिहून काढल्या. कुठून चढायचं, कुठं वळायचं, पाणी कुठं, बसायला सपाट जागा कुठं. डोंगरावरच्या भुऱ्या महादेवाला आपल्याकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात, पण वाटेचं पुस्तक कोणी लिहिलं नव्हतं. ते एका बाईनं लिहिलं म्हणून सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत कौतुक झालं. मॅडमना ते कौतुक फार आवडलं. आवडणारच ना, दगड थोडीच होत्या त्या!

मोनाली त्यांचीच विद्यार्थिनी, तिगावची. आता नागपूरला नोकरीला होती. आठवडाभर ऑफिस आणि रविवारी डोंगर, असा तिचा नेम. नुसते डोंगर चढून तिचं भागत नव्हतं. भटकंतीची पुस्तकं घेऊन ती तपासायची आणि कोणतं पुस्तक कामाचं, कोणतं थापांचं, ते आपल्या मोबाईलवर लिहायची. हजारो लोक वाचायचे. तपासायची रीत मात्र मोठी कडक. फोनवरचा नकाशा बघायचा नाही, वाटेत कोणाला विचारायचं नाही, आपली अक्कल चालवायची नाही. पुस्तक नेईल तिथं जायचं. पोचलो तर पुस्तक खरं, नाही पोचलो तर खोटं.

“मॅडम, या रविवारी तुमचं पुस्तक तपासायला येऊन राहिली मी,” सोमवारी तिचा फोन आला. “तुमचं आहे म्हणून सूट नाही देणार बरं का.”

“देऊन तं पाहाय, छडी खाशील,” मॅडम म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर घरभर उगाच फिरत बसल्या.

कारण ही कडक रीत पोरीला कोणी शिकवली होती? आठवीच्या वर्गात टेबलावर हात आपटून कोण म्हणायचं, “भरोसा ठेवायचा तं नकाशावर पुरा ठेवा, नाहीतर घरी बसा”? यांनीच ना!

तर त्या रविवारी सकाळी सहाला डोंगराच्या पायथ्याशी, घोघरीच्या चहाच्या टपरीवर दोघी भेटल्या. टपरी दादारावांची. दादाराव जंगलखात्यात चौकीदार होते, आता चहा विकत होते, आणि पुस्तकासाठी मॅडमना अख्खा डोंगर त्यांनीच फिरवून दाखवला होता. मोनालीनं पाठीवर पिशवी अडकवली. तिच्याजवळ पाण्याची एकच बाटली होती. मॅडमनी आपली दुसरी पुढं केली.

“नको, मॅडम. पान अकरा. ‘एक बाटली पुरेशी आहे, वाटेत बारमाही झिरा आहे.’”

आता यावर मॅडमनी काय करायला हवं होतं? बाटली जबरदस्तीनं पिशवीत कोंबायला हवी होती. चैत्र महिना, सातलाच ऊन अंगावर येत होतं. पण आपलं वाक्य, आपल्या विद्यार्थिनीच्या तोंडून, असं तोंडपाठ ऐकलं आणि बाई फुलल्या. “जा, अकराला येशील खाली. चार तासांची वाट आहे,” म्हणाल्या. तेही पुस्तकातलंच.

सातला पोरगी चढून गेली.

सव्वाअकरा झाले, मॅडमनी डब्यातल्या पोळ्या मोजल्या. साडेअकरा झाले, पुन्हा मोजल्या. आता ही पोरगी काय लिहील? ‘वेळ चुकीची दिली आहे’ असं लिहिलं तर? चार तास मॅडमनी दादारावांच्या चालीनं धरले होते, आणि दादाराव म्हणजे या वयातही डोंगरावर दुडदुड चालणारा माणूस. बरं, वेळ चुकली एवढंच लिहिलं तर चालेल, एवढ्यानं काही इज्जत जात नाही.

मग त्यांनी डोंगराकडे बघितलं. इतका वेळ बघतच होत्या, पण आता जरा नीट बघितलं. सागाला एक पान नव्हतं. सगळा डोंगर नुसत्या काड्यांचा उभा होता, आणि त्या काड्यांमधून खडक तापून पांढरा दिसत होता. पान बाराला मॅडमनी लिहिलं होतं, ‘संपूर्ण वाट सागाच्या गर्द सावलीतून जाते.’ लिहिलं तेव्हा खोटं नव्हतं. पण लिहिलं होतं मार्गशीर्षात. चैत्रात साग कसा असतो हे भूगोलाच्या बाईला ठाऊक नव्हतं का? होतं. लिहिताना सुचलं नाही, एवढंच.

“दादाराव भाऊ, ही अजून कशी नाही आली?”

“येईन ना, मॅडम. झिऱ्यावर बसली असन पाय धूत. आता खाली यायचं तं ऊन उतरल्यावरच यायचं.”

झिरा! हां. झिऱ्याचं पाणी तर आहे. मॅडमच्या जिवात जीव आला. पान चौदा: ‘चढ संपताच वाटेत रचलेल्या दगडांची खूण दिसेल. तेथून डावीकडे वळावे. पाचशे पावलांवर बारमाही झिरा.’ ही खूण दादारावांनीच नोकरीत असताना रचलेली. उन्हाळ्यात आगी विझवायला येणाऱ्या माणसांना पाणी सापडावं म्हणून.

जिवात आलेला जीव दोन मिनिटंही टिकला नाही. त्यांना सावरगावच्या गुणवंताचा फोन आठवला. गेल्या पावसाळ्याआधी आला होता. “मॅडम, तुमच्या पुस्तकातला झिरा आमाले काही सापडला नाई. लेकरं तहानेनं रडले.” तेव्हा मॅडमनी त्याला काय सांगितलं होतं? “डावी-उजवी समजते ना तुम्हाला?” असं विचारलं होतं. बिचारा गडबडला, “आमचंच चुकलं असन,” म्हणाला आणि फोन ठेवला. मॅडमनी ती गोष्ट घरी मिस्टरांना हसत हसत सांगितली होती. आता हसू येत नव्हतं.

साडेबाराला दादारावांची बायको वच्छलाबाई मोहफुलांची टोपली घेऊन जंगलातून आली. टोपली उतरवून पदरानं तोंड पुसलं आणि मॅडमना बघून खूश झाली.

“वो माय, मॅडम! बऱ्या आल्या. तुमच्या घरापाशी तं आता कॉलनी होऊन राहिली.”

“पांढुर्ण्यात? कोणती कॉलनी?”

“पांढुर्ण्यात नाई वो. वर. तुमी दगडाचं घर मांडलं होतं ना, तिथं.”

आता इथं एक रीत सांगितली पाहिजे. भुऱ्या महादेवाला जाणारा माणूस स्वतःचं घर व्हावं म्हणून दगडावर दगड रचतो. जितक्या खोल्या हव्यात तितके दगड. देवाला सांगायचं, बाप्पा, एवढं होऊ दे. हे दगड मांडायची जागा म्हणजे वर देवळाजवळचा सपाट खडक. वाटेत कोणी मांडत नसे. आणि मांडलेलं घर पुन्हा कोणी हलवत नाही. हलवणाऱ्याला आपल्या घरात सुख लाभत नाही असं लोक मानतात.

मॅडमनी मांडलं होतं. पुस्तक प्रेसमध्ये गेलं त्याच महिन्यात, मिस्टरांना घेऊन त्या देवाला निघाल्या होत्या. त्या दिवशी गुडघ्यांनी ऐन चढावर दगा दिला. पहिल्या फाट्यापाशी बाई बसल्या त्या बसल्याच. “देव काय वरच आहे का, इथूनही ऐकतो,” म्हणत त्यांनी तिथंच पाच दगड रचले. खाली तीन खोल्या, वर दोन. पुढच्याच दिवाळीत पांढुर्ण्यातलं घर उभं राहिलं, अगदी तसंच, खाली तीन आणि वर दोन. गृहप्रवेशाला दादाराव आणि वच्छलाबाई येऊन जेवून गेले होते.

“मीच सांगतलं सगळ्याइले,” वच्छलाबाई कौतुकानं म्हणाली. “म्हटलं, मॅडमचं घर याच जागी लाभलं. आता देवापाशी कोणी नाई मांडत, सारे तिथंच मांडतेत. पन्नास तरी झाले असन घरं. लांबून दिसते, मोठी रास!”

मॅडमनी दादारावांकडे बघितलं. दादारावांचा हात चहाच्या पातेल्यावर तसाच थांबला होता.

“भाऊ, तुमची खूण कितव्या फाट्यावर आहे?”

“तिसऱ्या,” दादाराव हळूच म्हणाले. “कुलूच्या झाडाखाली. पांढऱ्या खोडाचं झाड. तुमी लिवलं होतं ना झाडाचं?”

लिहिलं होतं. हाताच्या वहीत लिहिलं होतं, ‘तिसऱ्या फाट्यावर, पांढऱ्या कुलूच्या झाडाखाली’. पण प्रेसवाला म्हणाला, पान चौदावर दोन ओळी जास्त होतात. एकतर त्या काढा नाहीतर फोटो लहान करा. फोटो मॅडमचा होता. देवळासमोर, हातात काठी, डोक्यावर टोपी. फोटो छान आला होता हो! मॅडमनी दोन ओळी काढल्या. म्हटलं, दगडांची खूण आहेच ना, आणखी झाडाचं कशाला.

“पहिल्या फाट्यावरून डावीकडे काय आहे, भाऊ?”

“भालूखोरा,” दादाराव म्हणाले. “पानी नाई तिथं. पुढं वाटच नाई. नुसता खडक आन्‌ कडा. आता मोहाच्या दिवसांत अस्वल येते तिकडं.”

मॅडम उठल्या. डबा मांडीवरून खाली पडला, पोळ्या मातीत गेल्या, कोणी उचलल्या नाहीत.

“तुमी कायले येता, मॅडम? मी जातो ना,” दादाराव म्हणाले.

“मी येतो!” मॅडम ओरडल्या. रागानं नाही, नुसत्या भीतीनं. मोनालीचा फोन लावून बघितला, रेंज नव्हती; तो लागणार नाही हे पुस्तकात त्यांनीच लिहिलं होतं, आणि तेवढं मात्र अगदी बरोबर होतं. दादारावांनी खांद्याला पाण्याचा डबा अडकवला, काठी घेतली. वच्छलाबाईनं गूळ आणि मीठ एका कापडात बांधून दिलं, आणि आपण काय बोलून बसलो ते तिला अजून उमगलं नव्हतं.

तो चढ मॅडम कशा चढल्या ते त्यांनाच ठाऊक. गुडघे बोंबलत होते, छातीत भाता चालला होता, पायाखालची वाळली पानं घसरत होती. प्रत्येक वळणावर त्या “मोनाली!” म्हणून हाक मारायच्या आणि थांबून ऐकायच्या. काही ऐकू यायचं नाही. मग मनात नको नको ते यायचं. तिगावला तिची आई आहे. तिला काय सांगायचं? तुमची पोरगी माझ्या पुस्तकावर गेली? महादेवा, पुस्तकाला लाख वाईट म्हणू दे, साऱ्या नागपुरात माझं नाक कापू दे, पण पोरीला जिती ठेव. एवढं मागितलं आणि लगेच आठवलं की देवाकडे मागितलेल्या मागच्या गोष्टीनंच हा घोळ केला आहे. पुढं त्यांनी काही मागितलं नाही, नुसत्या चढत राहिल्या.

पहिला चढ संपला आणि पहिला फाटा आला. बाप रे! वच्छलाबाई पन्नास म्हणाली होती, तिथं शंभर होती. तीन दगडांची, पाच दगडांची, एक तर चक्क नऊ दगडांचं. वाटेच्या दोन्ही बाजूंनी घरंच घरं. आंधळ्यालासुद्धा खूण वाटावी अशी खूण. आणि मधोमध, थोडं उंच जागेवर, खाली तीन आणि वर दोन, मॅडमचं.

डावीकडच्या मातीत बुटांचे ठसे होते. जाणारे होते. येणारे नव्हते.

दादाराव खोऱ्यात पुढं झाले. काठी खडकावर आपटत, मोठ्यानं खाकरत, अस्वल असलं तर सरकावं म्हणून. दोन्हीकडचे खडक भट्टीसारखे तापले होते. शंभर पावलं, दोनशे, पाचशे. पाणी कुठलं आलंय! ठसे मात्र पुढं पुढं जात होते. सहाशे. आठशे. मॅडमना कळेना, पाणी नाही दिसलं तर ही पोरगी मागं का नाही फिरली? मूर्ख आहे का?

“हाव, हाव, इथं आहे!” दादाराव ओरडले.

एका खडकाच्या कडेला हातभर सावली होती, तिच्यात मोनाली अंग चोरून पडली होती. ओठ फुटले होते, चेहरा लाल होऊन सुकला होता. बाजूला रिकामी बाटली आणि पिवळं पुस्तक. मॅडम धपकन खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडायलाच लागल्या. दादारावांनी पाण्यात गूळ-मीठ कालवून तिला एकेक घोट पाजला. पहिला उलटून पडला. दुसरा थोडा राहिला. तिसऱ्याला पोरीनं डोळे उघडले.

बऱ्याच वेळानं, ऊन जरा कलल्यावर, ती बोलती झाली.

“मॅडम, सॉरी.”

“तू काहून सॉरी म्हणून राहिली?”

“मीच चुकली. खूण बरोबर सापडली, डावीकडे वळली, पाचशे पावलं मोजली. पाणी नाही. वाटलं, मोजायला चुकली मी. मग म्हटलं, तुमची पावलं मोठी असतील, माझी लहान. म्हणून आणखी पुढं गेली. मग चक्कर आली.” तिनं आणखी एक घोट घेतला. “पुस्तक बरोबरच असन, मॅडम. तुम्ही कधी चुकीचं नाही शिकवलं. मी तसंच लिहिते, की वाचणाऱ्याची चूक झाली.”

दादाराव दुसरीकडे बघू लागले. बोलणारा तो माणूस नव्हता. त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नसतं. आता बघा, गप्प बसणं किती सोपं होतं! पोरगी जिवंत होती. पुस्तकाची अब्रू वाचत होती. सावरगावचा गुणवंता स्वतःची चूक मानून कधीचाच मोकळा झाला होता. मॅडमनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर त्यांच्या मानेनं तसा विचारही केला.

पण मांडीवरच्या त्या डोक्याचा ताप त्यांच्या साडीतून मांडीला लागत होता.

“तुझी पावलं लहान नाहीत,” त्या म्हणाल्या. “खूण खोटी आहे. ते दगड माझ्या घराचे होत, मोनाली. मी मांडले. खरी खूण तिसऱ्या फाट्यावर झाडाखाली आहे. त्या झाडाचं मी लिहिलं होतं आणि काढून टाकलं. माझा फोटो बसत नव्हता म्हणून.”

मोनाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिला राग येईल, ती काही बोलेल, असं मॅडमना वाटलं. पण छे! पुस्तक उचलून तिनं पान चौदा उघडलं, फोटो बघितला, आणि पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोघांच्या आधारानं ती उठली. हळूहळू चालत तिघं फाट्यावर परत आली. तिथं मॅडम थांबल्या.

“दादाराव भाऊ, हिला धरा जरा.”

त्या आपल्या घरापाशी गेल्या आणि वरचा दगड उचलला.

“मॅडम, नका!” दादाराव घाबरून म्हणाले. “मांडलेलं घर आहे ते. मिस्टर काय म्हणतीन?”

“माहीत आहे मला.” वरची खोली लेकीची, बाजूची मिस्टरांच्या पुस्तकांची. मग खालच्या तीन. एकेक दगड त्यांनी लांब फेकला. पाचही गेले. मागं सरून त्यांनी बघितलं, तर रास जशीच्या तशी दिसत होती. पाच दगड कमी झाले तरी उरलेली शंभर घरं तिथंच, आणि ती कोणाची होती कोण जाणे. ती पाडायचा हक्क त्यांचा नव्हता. आता मात्र त्यांना खरंच रडू कोसळलं.

“पुस्तकं किती गेली, मॅडम?” मोनालीनं मागून विचारलं.

“चारशे.”

“चारशे लोक इथंच वळतील.”

मॅडमनी डोळे पुसायला पर्समध्ये रुमाल शोधला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी त्या पर्सच्या तळाशी खडूचे तुकडे असायचेच. एक हाताला लागला. भालूखोऱ्याच्या तोंडाशी डोक्याएवढ्या उंचीवर एक काळा सपाट खडक होता. त्याच्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि वर्गात लिहायच्या तशा मोठ्या, गोल अक्षरांत त्यांनी लिहिलं: ‘इकडे पाणी नाही. पुस्तक चुकले आहे.’ खाली पूर्ण नाव लिहिलं.

“पहिल्या पावसात पुसून जाईन ते,” दादाराव म्हणाले.

“उद्या ऑइलपेंट घेऊन येतो. तिसऱ्या फाट्यावरही लिहायचं आहे. आणि आज घरी गेल्यावर गुणवंताला फोन करायचा आहे.” त्या मोनालीकडे वळल्या, पण नजर वर होईना. “तू जे झालं ते लिही. फोटोचंही लिही.”

मोनालीनं पिशवीतून पुस्तक काढलं, पेन काढलं. खडकावरचं वाक्य वाचलं आणि पान चौदावर, त्या फोटोवरूनच, जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग तिनं मॅडमपुढं हात केला.

“खडू द्या इकडे. ‘नाही’च्या खाली रेघ मारायची राहिली. महत्त्वाच्या शब्दाखाली मारायची, तुम्हीच सांगायच्या.”

मॅडमनी खडू तिच्या हातावर ठेवला. रेघ वाकडी आली.